माशिकोच्या ओकुसानना: तुमच्या स्वयंपाकघरात शिकलेल्या वाटीबद्दल

ओकुसान,

तुम्हाला मराठी येत नाही, म्हणून हेच पत्र जपानीत करून घेऊन पार्सलमध्ये ठेवलं आहे. तरीही इथे ते मराठीत लिहितेय, कारण माझी भांडी वापरणाऱ्या इथल्या घरांना वाटतं की मी सगळं चाकावर शिकले. चाक शिकवलं सेन्सेईंनी, माझ्या गुरूंनी; तुम्ही त्यांच्या पत्नी, म्हणून माझ्या ओकुसान. त्यांचे आभार मी निघतानाच मानले होते. तुमचे राहून गेले, कारण तुम्ही मला काही शिकवत होतात हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

जपानच्या तोचिगी प्रांतातल्या माशिको या तुमच्या गावी मी आले ती हमादा शोजी या नामवंत कुंभाराच्या नावाच्या ओढीने. ते १९२४ साली माशिकोत येऊन राहिले. त्याआधीही तिथले कुंभार पाण्याचे रांजण, बरण्या, किटल्या असली स्वयंपाकघरातलीच भांडी करत होते. मी मात्र डोक्यात चित्रं घेऊन आले होते: खडबडीत पोत, काळपट रंग, जरा वाकडी कड. पहिल्या महिन्यात तशाच सहा वाट्या केल्या. बूड सपाट, तोंड रुंद, भिंत जाड. भट्टीतून निघाल्या तेव्हा मला त्या फार आवडल्या होत्या. तुम्ही त्या मुकाट्याने स्वयंपाकघरात नेल्यात आणि दुपारी त्यातल्याच एकीत मला वाफाळता भात वाढलात.

वाटी उचलली आणि बोटं भाजली. खाली ठेवून, वाकून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तीच वाटी. तिसऱ्या दिवशीही तीच. चौथ्या दिवशी तुम्ही तुमची स्वतःची वाटी माझ्या डाव्या हातात दिलीत, माझा अंगठा कडेवर टेकवलात आणि बाकीची बोटं बुडाखालच्या कड्याखाली सरकवलीत. त्या कड्याला कोदाई म्हणतात हे मला पाठ होतं. ते कशासाठी असतं ते त्या दुपारी कळलं. भात तितकाच गरम होता, पण बोटं फक्त कडेला आणि कोदाईला लागत होती. तापलेल्या भिंतीशी त्यांचा संबंधच येत नव्हता.

आमच्याकडे हात ताटाकडे जातो, तुमच्याकडे वाटी हाताकडे येते. एवढा एक फरक मनात धरला की बाकीची मापं एकामागून एक सुटत जातात. दोन्ही हातांचे अंगठे आणि मधली बोटं जुळवून जे वर्तुळ होतं, ते जुन्या जपानी मापाने साधारण चार सुनचं, म्हणजे १२ सेंटिमीटरचं. भाताच्या वाटीचं तोंडही तेवढंच. माती भाजताना आक्रसते, म्हणून चाकावर ते साडेतेराच्या आसपास ठेवावं लागतं. सेन्सेईंच्या चाकाशेजारी बांबूच्या काड्यांचं ते इवलं माप असायचं, तोम्बो, म्हणजे आपला चतुर. त्याचे पंख तोंडाची रुंदी सांगतात आणि शेपूट खोली. मी महिनाभर त्याने मोजत होते, पण मोजायचं कशासाठी ते तुमच्या जेवणघरात उमगलं. माझी वाटी ३४० ग्रॅमची होती. तुमची १७०.

त्यानंतर मी जेवताना बघायला लागले. पहाटे तुम्ही ताटली मांडायचात तेव्हा भात डावीकडे, मिसोचं सूप उजवीकडे. सूप मातीच्या वाटीत कधीच नाही, नेहमी लाखेचं रोगण दिलेल्या लाकडी वाटीत, कारण लाकूड हाताला चटका देत नाही आणि ओठाला मऊ लागतं. मासा डोकं डावीकडे करून आडवा ठेवायचा, म्हणून त्याची बशी लांबट. उन्हाळ्यात काचेचं भांडं बाहेर यायचं. थंडीत खोल, उंच भिंतीचं, वाफ धरून ठेवणारं. आणि प्रत्येकाची वाटी वेगळी. घरात कोण कोणत्या वाटीत जेवतं हे फळीकडे बघून सांगता यायचं. चौथ्या महिन्यात त्या फळीवर माझ्या वाटीला जागा मिळाली. त्या दिवशी मी आईला फोन करून हे सांगितलं होतं, आणि तिला त्यातला आनंद समजावता समजावता रडले होते.

तुमची दोन कामं मी आजही रोज करते. नवी वाटी आली की तुम्ही तिच्या कोदाईवरून तळवा फिरवायचात आणि जरा खरखर लागली की घासायचा दगड माझ्या हातात द्यायचात, कारण तशी वाटी रोगणाच्या ताटलीवर ओरखडे काढते. दुसरं, वापरायला काढण्याआधी तांदळाच्या धुवणात वाटी मंद उकळायची आणि त्यातच गार होऊ द्यायची. धुवणातला स्टार्च मातीची बारीक छिद्रं बुजवतो, मग आमटी-तेलाचे डाग मुरत नाहीत. त्या वाट्यांवरची ती दुधी पांढरी झिलईही भाताच्या तुसाच्या राखेची. वाटीवर तूस, छिद्रांत धुवण आणि आत भात. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. धुवणाचं पातेलं शेगडीवर ठेवलंत, बस.

इथे परतल्यावर माझ्याकडे ‘जपानी सेट’ मागत लोक येतात. त्यांना चेरीची फुलं हवी असतात, नाहीतर काळी चौकोनी बशी. ती मी करत नाही. भारतातल्या घरात कोणतं भांडं हातात उचललं जातं, हे मी आधी विचारते. ताटातली वाटी कोणी उचलत नाही, म्हणून तिला मी आपलं सपाट बूडच ठेवते. पण पेज, सार, कढी, सोलकढी आपण उचलून पितो. त्या भांड्यांना मी कोदाई देते, बोट सहज जाईल एवढी उंच. परवा एका आजींनी, ज्यांचे हात थरथरतात, त्या वाटीतून पेज प्यायल्यावर वाटी उलटी करून बघितली आणि विचारलं, हे कडं कुणी सुचवलं? मी तुमचं नाव सांगितलं.

पार्सलमध्ये पेजेच्या पाच वाट्या आहेत, तुमच्याकडे सेट पाचाचा असतो म्हणून. धुवणात उकळून, बुडं घासून पाठवल्या आहेत. तरी तळवा फिरवून बघा, आणि कुठे खरखर लागली तर ती वाटी कोणती ते कळवा.

तुमची,
फळीवरच्या शेवटच्या वाटीची मालकीण