ट्रेनर व्हायचे तर आधी विचारायला शिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिलांच्या फिटनेसवर जे छापून येते त्यात दोन गोष्टी हमखास असतात: महिन्यात किती किलो उतरतील आणि पोट कधी आत जाईल. हल्ली त्यात 'फिटनेस ट्रेनर व्हा, स्वतःच्या पायावर उभ्या राहा' या सल्ल्याची भर पडली आहे. पण काट्यावरच्या आकड्यापलीकडे काही विचारायचे असते हेच ज्यांना ठाऊक नाही, त्या ट्रेनर झाल्या काय नि न झाल्या काय. व्यायाम दाखवता येणे हा या कामाचा सोपा भाग. समोरची बाई 'वजन कमी करायचंय' म्हणते तेव्हा तिला नेमके काय हवे आहे ते काढून घेणे आणि मोजता येईल अशा भाषेत मांडणे, यात खरा कस लागतो.

'महिन्यात १० किलो'चा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात. १० किलोच्या झाल्या ७७,०००, म्हणजे रोज अडीच हजारांहून जास्त. मध्यम बांध्याच्या कित्येक महिलांचा दिवसाचा एकूण खर्चही तेवढा नसतो. महिनाभर काहीच खाल्ले नाही तरी हे गणित बसत नाही! मग काटा उतरतो तो कशाने? बराचसा पाणी आणि स्नायू गेल्याने. आठवड्याला अर्धा किलो, म्हणजे दिवसाला ५०० ते ५५० कॅलरींची तूट, हा पेलणारा वेग. त्यातही पाळीच्या आधी अंगात पाणी साचून वजन एक-दोन किलोने वाढलेले दिसू शकते. म्हणून या सोमवारचे वजन गेल्या सोमवारशी न ताडता मागच्या पाळीच्या चक्रातल्या त्याच दिवसाशी ताडून पाहावे. एवढी नोंद ठेवली नाही म्हणून उत्तम चाललेला व्यायाम तिसऱ्या आठवड्यात सुटतो. कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता, आणि दर वेळी त्याच जागी.

याहून चांगली ध्येये गप्पांतून निघतात. तीन मजले न थांबता चढणे. २० लिटरचा पाण्याचा जार उचलून ठेवणे. एक पूर्ण पुशअप. अशा ध्येयाला बारा आठवड्यांची मुदत देता येते आणि शेवटी ते जमले की नाही हे काट्याशिवाय कळते.

'टोनिंग', म्हणजे अंग आखीव-रेखीव करणे, हा शब्द तर हद्दपारच करावा. त्या नावाखाली एक किलोचे डंबेल घेऊन तीस-तीस रेप (एकाच हालचालीच्या आवृत्त्या) मारले जातात. विसाव्या रेपलाही धाप लागत नसेल आणि हात जड होत नसतील, तर स्नायूला वाढायचे कारणच मिळत नाही. वजन उचलून पुरुषी शरीर होईल ही भीती अजून गेलेली नाही. टेस्टोस्टेरॉन पुरुषांत दहा पटींहून अधिक असते, त्यामुळे तसे सहजासहजी होत नाही. नव्याने सुरू करणारीला आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात. बसून उठणे (स्क्वॉट), कमरेतून वाकून उचलणे, ढकलणे, ओढणे आणि वजन घेऊन चालणे या पाच हालचाली, प्रत्येकी दोन-तीन सेट, म्हणजे मध्ये विश्रांती घेऊन दोन-तीन फेऱ्या. चालण्याचा सोडून बाकीच्यांचे ८ ते १२ रेप, आणि थांबायचे ते 'अजून दोन निघाले असते' अशा ठिकाणी. सगळ्या सेटमध्ये १२ रेप नीट निघाले, आणि तेही लागोपाठ दोन वेळा, की वजन वाढवायचे.

इथेच घोळ होतो. रॅकवर ५ किलोच्या डंबेलनंतर थेट साडेसातचे असते. खांद्याच्या व्यायामात ही एकदम ५० टक्के वाढ झाली. ती पेलली नाही की 'बायकांच्या हातात ताकदच कमी' असा निष्कर्ष निघतो. अर्धा किलोच्या, सव्वा किलोच्या छोट्या प्लेट ठेवाव्यात. त्या नसतील तर त्याच वजनाने रेप १५पर्यंत न्यावेत किंवा खाली आणताना तीन सेकंद मोजावेत.

रॉडचेही तसेच. नेहमीचा रॉड २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा. महिलांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा. लहान तळव्याला तीन मिलिमीटरनेही पकडीत फरक पडतो. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभे राहणे, शिकवताना तर नुसता रॉड जमिनीवर ठेवून 'उचला' म्हणतात. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असल्याने तिच्यासह रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. छोट्या प्लेट लावल्या किंवा रॉड नुसताच असला की तो खाली जातो, तिथवर पोचताना पाठ गोल होते, आणि दोष जातो 'नाजूक कमरे'ला. रॉडची दोन्ही टोके ठोकळ्यांवर टेकवून तो नडगीच्या मध्यापर्यंत आणला की बहुतेक वेळा तीच कमर सरळ राहते.

आता विचारायला अवघड वाटणाऱ्या प्रश्नांकडे. 'पार-क्यू प्लस' या, व्यायामाआधी भरायच्या आरोग्य-प्रश्नावलीचा फॉर्म भरून घेणे ही सुरुवात. छातीत दुखणे, चक्कर, हाडा-सांध्यांचे दुखणे त्यात येते, पण पाळी नियमित आहे का, बाळंतपण कधी झाले, उड्या मारताना लघवी सुटते का, हे ट्रेनरने स्वतःहून आणि एकांतात विचारले पाहिजे. दोरीच्या उड्यांना सारखे 'आलेच' म्हणून बाहेर जाणारी बाई आळशी नसते. उड्या थांबवाव्यात, जोर लावताना श्वास रोखण्याऐवजी सोडायला शिकवावे आणि ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे. 'बाळंतपणानंतर होतंच असं' हे उत्तर नव्हे.

बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधून फाकलेले आहेत का, हे दोन मिनिटांत कळते. उताणे झोपून गुडघे दुमडायचे, डोके किंचित उचलायचे आणि बेंबीच्या वर-खाली बोटे आडवी ठेवून पाहायचे. दोनहून जास्त बोटे मावत असतील किंवा मधोमध उंचवटा येत असेल तर क्रंचेस (उताणे झोपून डोके-खांदे उचलण्याचा पोटाचा व्यायाम) बंद. नेमके त्याच काळात 'पोट आत जावं' म्हणून शंभर-शंभर क्रंचेस सांगितले जातात! पळणे पहिले तीन महिने नको, त्यानंतरही लक्षणे पाहूनच.

वजन झरझर उतरते आहे आणि तीन महिने पाळी आलेली नाही, अशा वेळी ट्रेनरने टाळ्या वाजवू नयेत. खाल्लेली ऊर्जा व्यायामातच संपली की शरीर बाकीची कामे आवरती घेते, हाडेही त्यात येतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४मध्ये याला 'रेड-एस' (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) हे नाव दिले. गरोदरपणाची शक्यता तपासून घ्यायची, व्यायाम कमी करायचा आणि डॉक्टरांकडे पाठवायचे. त्यापुढचे निदान आपले काम नव्हे. थायरॉइडचा आहार, लोहाच्या गोळ्या, पावडरी यांचेही तेच.

पाळी गेलेल्या महिलांना मात्र आपण उगीच फक्त चालायला लावतो. चालणे हृदयाला चांगले, पण मणक्याच्या हाडांना तेवढ्याने पुरेसा भार मिळत नाही. हाडे विरळ झालेल्या अशाच महिलांवर ऑस्ट्रेलियात 'लिफ्टमोर' नावाचा प्रयोग झाला: आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने, पाच रेपचे पाच सेट, तेही जड वजनाने. मणक्याची घनता वाढली. मात्र सुरुवातीचे आठवडे हलक्या वजनावर तंत्र शिकण्यात गेले आणि प्रत्येक सत्राला जाणकार हजर होते, हे विसरून कोणी थेट जड रॉड हातात देऊ नये.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. एसीएसएम, एनएससीए, एनएएसएम, एसीई या संस्थांच्या परीक्षा जगभर ओळखल्या जातात. वयाची अठरा वर्षे आणि सीपीआरचे (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचे) चालू प्रमाणपत्र लागते. पण या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या असतात. तुम्ही जिवंत माणसाला स्क्वॉट कसा शिकवता हे तिथे कोणी पाहत नाही. म्हणून पास झाल्यावर अनुभवी ट्रेनरच्या मागे उभे राहून किमान ४०-५० सत्रे पाहावीत, असे माझे मत. एका वेळी एकच सूचना द्यायला शिकावे. 'छाती वर, गुडघे बाहेर, टाचा खाली, श्वास सोडा' हे सगळे एका दमात ऐकणारी बाई गोंधळून मधेच थांबते. हात लावण्याआधी विचारावे, दर वेळी. सीपीआरमध्ये मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. महिलेच्या छातीवर हात ठेवायला बघे कचरतात, तेव्हा निदान तिच्या ट्रेनरने कचरू नये.

वही ठेवावी. व्यायाम, वजन, रेप, दहापैकी किती जड वाटले, पाळीचा कितवा दिवस. ही शेवटची नोंद बहुतेक वह्यांत नसते.

आपल्या पुरवणीला एक विनंती. यापुढे महिलेचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो छापाल तेव्हा खाली तीन गोष्टी छापाव्यात: मध्ये किती आठवडे गेले, तिचा स्क्वॉट किती किलोवरून किती किलोवर गेला, आणि तिची हरकत नसेल तर, पाळी नियमित होती का.

आपली,
एक व्यायाम प्रशिक्षिका