शेंबडाचा रंग पाहू नका, दिवस मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवा पालटली की मुलांच्या सर्दी-खोकल्यावर लेख छापून येतात आणि त्यांत एक सल्ला हमखास असतो: शेंबूड पिवळा-हिरवा झाला की ‘इन्फेक्शन’ वाढलं, आता अँटिबायोटिक लागणार. माझी सगळी नोकरी मुलांच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिका म्हणून झाली. रुमाल उलगडून ‘बघा सिस्टर, किती हिरवा!’ म्हणणारे आईबाप रोज भेटायचे. त्यांना दोष कशाला द्यायचा? कुणीतरी तसं सांगितलेलं असतं.

साध्या, विषाणूमुळे झालेल्या सर्दीतही नाकातलं पाणी दोन-तीन दिवसांत दाटतं, पिवळं-हिरवं होतं, मग पुन्हा पातळ होत थांबतं. तो हिरवेपणा जंतूंचा नसतो; त्यांच्याशी लढायला आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका द्रव्याचा असतो. नुसता रंग पाहून विषाणू की जिवाणू, हे तज्ज्ञालाही सांगता येणार नाही. दिवसांवरून मात्र बरंच कळतं. दहा दिवस उलटले तरी नाक वाहणं किंवा दिवसाचा खोकला जराही उतरलेला नाही. बरं होता होता सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा ताप आला आणि सगळं बळावलं. किंवा सुरुवातीपासून सलग तीन दिवस ३९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आणि पूसारखा शेंबूड. यांपैकी एक जरी असेल तर सायनसमध्ये जिवाणूंनी बस्तान मांडल्याची शंका डॉक्टर घेतात. एरवी सर्दी आपणहून उतरते. चौथ्या दिवशी औषध आणलं, सहाव्या दिवशी नाक मोकळं झालं, की श्रेय औषधाला! आणि मग पुढच्या सर्दीला ‘मागच्या वेळी ह्यानेच बरं वाटलं होतं’ म्हणत तीच बाटली पिशवीतून बाहेर येते. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे, म्हणजे बाटल्या किती होतील पाहा.

घशाची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. मुलांचा घसा दुखतो तेव्हाही बहुतेक वेळा कारण विषाणूच असतो. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, असं असलं तर घसा कितीही लालभडक दिसो, जिवाणूची शक्यता कमीच. पण घसा दुखणाऱ्या दर शंभर मुलांत साधारण २० ते ३० जणांना ‘स्ट्रेप’ म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संसर्ग असतो, बहुतेक ५ ते १५ वर्षांच्या मुलांना. तो अचानक येतो. ताप चढतो, आवंढा गिळवत नाही, जबड्याखालच्या गाठी हात लावू देत नाहीत, टाळूवर कधी बारीक लाल ठिपके दिसतात आणि खोकला नसतो. कित्येक मुलं तर घशाचं नावच काढत नाहीत. डोकं दुखतंय, पोट दुखतंय म्हणतात आणि घरचे पोट चोळत बसतात. अशा वेळी घशातला स्वॅब घेऊन तपासणं हाच खरा मार्ग आहे. अहवालाला एक-दोन दिवस लागले तरी बिघडत नाही, कारण दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर, टाळता येतो.

खरी भीती त्या तापाचीच आहे. घसा बरा होऊन दोन-चार आठवडे झाल्यावर सांधे सुजतात, आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. म्हणून पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्यायचं. पेनिसिलिनला हा जिवाणू अजूनही दाद देतो, ही आपली मोठी सुदैवाची बाब. दिवसातून एकदा, थोडेच दिवस घ्यायचं म्हणून ॲझिथ्रोमायसिन लोकांना सोयीचं वाटतं. पण त्याला न जुमानणारे स्ट्रेप आढळतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही ते जपून वापरायच्या गटात आहे, अमॉक्सिसिलिन तसं नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर गोष्ट निराळी.

गंमत अशी, की सर्दीच्या तिसऱ्या दिवशी ‘स्ट्राँग काहीतरी द्या’ म्हणून अडून बसणारे पालकच स्ट्रेपचं औषध चौथ्या दिवशी बंद करतात. ताप गेला, पोरगं खेळायला लागलं, आता कशाला?

कानाबद्दल थोडक्यात. दोन वर्षांवरच्या मुलाचा कान ठणकतोय, पण दुखणं बेताचं आहे, ताप ३९ च्या खाली आहे, कान वाहत नाही, तर वजनानुसार वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस वाट पाहावी असं डॉक्टर सांगू शकतात. त्याला टाळाटाळ समजू नये. उलट लाळ गळते आहे, मूल पुढे वाकून बसलंय, श्वास घेताना आवाज येतोय, डोळ्याभोवती किंवा कानामागे सूज आहे, तर तडक रुग्णालय गाठावं, आणि घशात चमचा घालून बघण्याचा उद्योग मुळीच करू नये.

डॉक्टरमंडळींकडे माझी एक मागणी आहे. चिठ्ठीवर अँटिबायोटिकच्या नावाशेजारी ते कशासाठी आणि किती दिवस, हे घरच्यांना वाचता येईल असं लिहा. ‘स्ट्रेप घसा, १० दिवस’. वेळ नसतो हे मला ठाऊक आहे, ती गर्दी मीच आवरत होते. पण एवढं लिहिलेलं असलं की चौथ्या दिवशी औषध थांबवताना हात अडखळेल, दुसऱ्या डॉक्टरला आधी काय झालं ते कळेल, आणि कारण लिहिताच येत नसेल तर औषधाचीही गरज नाही, हे लिहिणाऱ्याच्याही लक्षात येईल. पालकांनीही ते विचारून घ्यावं. आणि पाणी घालून तयार केलेलं उरलेलं सिरप फेकून द्यावं. ते काही दिवसांतच निकामी होतं.

आपली,
बालरुग्ण विभागातील एक निवृत्त परिचारिका