आजी, तुझं ‘मला काय कळतंय’

बॉस्टन, रविवार

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर विचारलंस, ‘त्या काचा बघायला गेलीस, त्यात असतं तरी काय?’ तेवढ्यात तुझा कुकर वाजला नि राहूनच गेलं.

हार्वर्डच्या वेधशाळेत आकाशाचे फोटो घेतलेल्या पाच लाख काचा आहेत. मी पाहिली ती आपल्या देवघरातल्या तसबिरीएवढी. एका बाजूला काळे ठिपके, म्हणजे तारे. दुसऱ्या बाजूला शाईच्या बारीक खुणा, तिथल्या बायकांनी केलेल्या.

याच काचांवर सेसिलिया पेन या खगोलशास्त्रज्ञ बाईनं काम केलं. इंग्लंडहून 1923 साली आली. केंब्रिजला शिकली, पण तिथे बायकांना पदवीच देत नसत, थेट 1948 पर्यंत! सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशाच्या पट्ट्यात, लोखंड, कॅल्शियम यांच्या रेघा ठळक दिसतात, म्हणून सूर्यही पृथ्वीच्याच मसाल्याचा, असं सगळे धरून चालले होते. पण सराफ्यात मोठ्यानं ओरडतो त्याच्याकडेच माल जास्त, असं थोडंच असतं? रेघ किती उठून दिसणार हे तापमानावरही ठरतं. त्याचं सूत्र आपल्या मेघनाद साहांचं. ते लावून तिनं हिशेब केला, तर हायड्रोजन धातूंच्या सुमारे दहा लाख पट निघाला.

रसेल म्हणून बडे शास्त्रज्ञ होते, ते म्हणाले, अशक्य. मग 1925 च्या प्रबंधात तिनंच लिहून टाकलं की हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरं नाही. स्वतःच्या हातानं, गं! चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेनं तिथेच पोचले. तिचा उल्लेख केला त्यांनी, नाही असं नाही. पण तिला प्रोफेसर व्हायला 1956 उजाडलं.

मी तणतणत घरी आले, माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण उघडलं नि ‘कदाचित’ मोजले. 19. चार-पाच रास्त होते, बाकीचे तुझे! रामबागेत वायरमन आला की ‘मला मेलीला काय कळतंय’ म्हणायचीस नि फ्यूज कुठला गेलाय ते बरोबर दाखवायचीस. मी तेच इंग्रजीत करतेय. सात खोडले. आठव्याशी काल रात्रीपासून झटापट चालू आहे.

पोह्यांवरचं जीरावण संपलं. मामाबरोबर पुडी पाठव, नि कृतीही लिहून दे. फक्त ‘अंदाजे’ लिहू नकोस. चमचे सांग.

तुझी,
मनू