प्रश्न क्रमांक ७

नोव्हेंबर २०२५

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फॉर्म मिळाला. ‘शिक्षण समितीवर काम केलेल्या लोकप्रतिनिधीची मुलाखत’. वीस मुलींच्या वर्गात अशी आई तुझीच निघाली, म्हणून तुमच्या बाईंनी हे काम तुझ्या गळ्यात घातलं असणार. फोनवर बोलू म्हणालीस, पण फोनवर मी तुला जेवलीस का विचारते आणि तू हो म्हणतेस, एवढंच होतं. भातकापणी उरकलीय, झोडणी व्हायचीय, बाबा बागेत गेलेत. बसलेय लिहायला.

पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत. सातव्याकडे येईन.

सुरुवात तुझ्या दादामुळे झाली. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्या पावसाळ्यात शाळेत पालकसभा लागली. तोवर ग्राम शिक्षण समिती होती, तिच्यावर कोण आहे हे समितीवरच्या लोकांनाही धड ठाऊक नसायचं. आता म्हणे समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात आणि अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, त्यामुळे कधी नव्हे ते बाप्येही आले होते. गुरुजींनी विचारलं, अध्यक्ष कोण होणार? सगळे बाप्ये छपराकडे बघायला लागले. छप्पर गळत होतं हेही खरंच. खारवीवाडीतल्या एका म्हातारीने, नातवासाठी आली होती ती, माझ्याकडे बोट दाखवलं : “हिला करा. ही रेशनवाल्याशी भांडते.” झाली माझी निवड. चहासुद्धा माझ्याच घरून गेला.

लिहिताना तू ‘शाळा व्यवस्थापन समिती’ असं पूर्ण लिही. आपली आजी मात्र शेवटपर्यंत ‘बोर्डाची शाळा’च म्हणायची. तिच्या लहानपणी प्राथमिक शाळा लोकल बोर्डाच्या, जिल्हा स्कूल बोर्डाच्या ताब्यात होत्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या, पण माणसांच्या तोंडातलं बोर्ड गेलं नाही. प्रकल्पाला हे शोभेल, घाल.

समितीत दीड वर्ष काय केलं? छप्पर, पाण्याची टाकी, खिचडीचा तांदूळ मोजून घेणं. तांदूळ मोजायला लागले तेव्हा पहिल्यांदा शत्रू झाले. शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा असं कायद्यात आहे, म्हणून आम्ही सहा बायकांनी वहीच्या पानावर शाळेचा नकाशा काढला आणि प्रत्येक गळक्या कौलाच्या जागी फुली मारली. केंद्रप्रमुख हसले. पण ते पान त्यांनी फाइलला लावलं आणि पुढच्या वर्षी दुरुस्तीचे पैसे आले. माझ्या सगळ्या राजकारणात इतक्या सरळ झालेलं काम ते एकच.

मग २०१२, जिल्हा परिषदेची निवडणूक. पंचायतीत बायकांचं आरक्षण आदल्याच वर्षी निम्म्यावर गेलं होतं आणि आपला गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा आपला मतदारसंघ, महिलेसाठी सुटला. ज्यांनी पाच वर्षं तयारी केली होती त्यांना बायको उभी करावी लागणार, आणि त्यांच्या बायकोने चक्क नाही म्हटलं. (तिला मी अजून मानते.) तेव्हा पक्षाची माणसं आपल्या ओटीवर आली. बाबा म्हणाले, “बघ बाई, मला आंब्याच्या दिवसांत फवारणीला माणूस मिळत नाही, तू पण चाललीस.” ही त्यांची परवानगी.

उमेदवारीसाठी काय काय लागतं हे तुझ्या पुस्तकात नसेल. २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरं मूल झालेलं नसल्याचं लिहून द्यावं लागतं. शौचालयाचा दाखला लागतो. निवडून या नाहीतर पडा, निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, नाहीतर पुढची निवडणूकच बंद. आणि त्या हिशेबात वडापावचा, चहाचा, खुर्चीच्या भाड्याचा दर सरकारने ठरवलेला असतो. आमचा वडापाव त्याहून स्वस्त होता. तो कोणत्या दराने लिहायचा यावर बाबा आणि माझा निवडणूक प्रतिनिधी दोन रात्री भांडत होते.

प्रचार म्हणजे चालणं. एक वाडी डोंगरावर, दुसरी खाडीत, मध्ये कातळ. सकाळी हर्णैच्या वाटेवर, संध्याकाळी लिलावाला बंदरावर, कारण त्या वेळी सगळी गावं तिथे भेटतात. पण लिलाव चालू असताना बोलायचं नसतं, हे मला एका कोळिणीने खेकसून शिकवलं. मुरुडला गेलं की प्रत्येक उमेदवार महर्षी कर्व्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि स्त्रीशिक्षणावर बोलतो. मीही बोलले. पुढे शिक्षण समितीत असताना वाचलं, की १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत बोर्डाची शाळाच नव्हती तिथे शाळा काढायला. हे भाषणात कोणीच सांगत नाही.

सगळ्यात अवघड काम मतं मागायचं नव्हतं, दोन मतं समजावायचं होतं. एक जिल्हा परिषदेच्या गटाला, एक पंचायत समितीच्या गणाला, दोन बटणं दाबायची. म्हाताऱ्या एक दाबून बाहेर यायच्या. त्यांना मी चुलीवरच्या दोन भाकऱ्या सांगून समजावलं. ७ फेब्रुवारीला मतदान झालं आणि मोजणी १७ ला. ते दहा दिवस मी तुझे, दादाचे, बाबांचे, शेजाऱ्यांचेसुद्धा कपडे धुतले. आंबा मोहरला होता, मी एकदाही वर बघितलं नाही. निवडून आले.

रत्नागिरीला जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत गेले तेव्हा वाटलं होतं शाळांबद्दल बोलतील. बोलत होते बदल्यांबद्दल. सभेच्या आदल्या दिवशी आपल्या ओटीवर मास्तर रांगेने बसायचे : कोणाला सासरच्या गावाजवळ हवं, कोणाला एसटी थांबते तिथे हवं, घाटावरच्यांना आपल्या जिल्ह्यात परत जायचं असायचं. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांचे आईबाप तिकडे. पण ते गेले की आपली शाळा एका मास्तरावर यायची. सदस्याचं वजन म्हणजे त्याची शिफारसपत्रं. मीही लिहिली. किती लिहिली ते विचारू नकोस, फॉर्ममध्ये तो रकाना नाही हे बरं आहे. आणि गंमत बघ, २०१७ ला मी २३ फेब्रुवारीला पडले आणि २७ तारखेला सरकारने बदल्या संगणकावर करायचा निर्णय काढला. निवडून आले असते तरी त्या रांगेला देण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नसतं.

समितीत एक शब्द शिकले, निर्लेखन. वर्गखोली पडायला आली तरी ती पाडता येत नाही, आधी तिचं निर्लेखन व्हावं लागतं. प्रस्ताव, अभियंत्याचा दाखला, मंजुरी, मग लिलाव. एका वाडीच्या शाळेची खोली निर्लेखनाची वाट बघता बघता आपणहून पडली. रविवार होता म्हणून वाचलो. तो प्रस्ताव पुढे सहा महिने टेबलावरून टेबलावर फिरत राहिला, जी खोली नव्हतीच ती पाडायला परवानगी मागत.

आता सातवा. ‘आपल्या कार्यकाळातील सर्वांत कठीण निर्णय कोणता?’

बाय, तू हा प्रश्न स्वतः लिहिलायस की बाईंनी दिलाय, मला कळत नाही. इतर मुलींच्या फॉर्मवरही असेल तर बरं.

जून २०१४. तू तिसरी पास झालीस. तेव्हा स्कॉलरशिप चौथीला होती आणि दापोलीतल्या एका खाजगी शाळेत तिची तयारी करून घ्यायचे, शिवाय सेमी इंग्रजी. आपल्या शाळेत तीन शिक्षक होते, पण एक सतत कामगिरीवर. कधी मतदारयादी, कधी प्रशिक्षण. मी तुझं नाव काढलं. बाबा म्हणाले, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, माझ्या पोरीचं वर्ष लोक भरून देणार आहेत का? अजूनही हे वाक्य मला चुकीचं वाटत नाही, अडचण तीच आहे.

गुरुजींकडे अर्ज दिला तेव्हा ते थोडा वेळ रजिस्टरच बघत राहिले. मग म्हणाले, “ताई, हरकत नाही.” त्यांना काय म्हणायचं होतं ते मला रात्री कळलं. समितीत संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायचे, कागद मीच तर वाचायचे. कायद्याच्या हिशेबाने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ व्या मुलाला तिसरा. आपल्या शाळेचा पट ६१ होता.

३० सप्टेंबरला पट मोजला, ६० भरला. तिसरं पद गेलं. अतिरिक्त ठरल्या त्या तुझ्या पहिलीच्या बाई, ज्यांनी तुला ‘ळ’ लिहायला शिकवला. त्यांचं समायोजन मंडणगडकडे झालं. समायोजनाची यादी आमच्याच सभेपुढे आली होती आणि मी तिला हात वर केला. त्यांचं नाव वाचलं गेलं तेव्हा मी पाणी प्यायले.

तुला स्कॉलरशिप मिळाली नाही. तुला टोचायला लिहीत नाहीये. माझ्या हिशेबात ती बाजूही रिकामी आहे, एवढंच.

२०१७ ला गट सर्वसाधारण झाला आणि पक्षाने तिकीट ‘आता बाप्याला’ दिलं. मी अपक्ष उभी राहिले. यादीतून चिन्ह मिळालं कपबशी. मला आवडलं होतं, बायका घरोघर ताटात कपबशी ठेवून फिरल्या. आणि शेवटच्या आठवड्यात समोरच्यांच्या रिक्षावर भोंगा फिरायला लागला : “बाईंची बशी गावात, कप दापोलीत!” गावच्या शाळेसाठी मतं मागते, पोरगी तालुक्याला शिकवते. काय उत्तर देणार? वाक्य चांगलं होतं. माझ्या बाजूच्या माणसांनाही हसू आवरत नव्हतं.

तू तेव्हा सहावीत होतीस. खिडकीत बसून ऐकत होतीस. संध्याकाळी मला म्हणालीस, “आई, मी परत येऊ का आपल्या शाळेत?” मी हसून म्हटलं, “अगं, ती चौथीपर्यंतच आहे.” तू पण हसलीस. मी १८२ मतांनी पडले. तो भोंगा नसता तरी कदाचित पडलेच असते, पक्षाची माणसं पक्षाकडे गेली. लोक म्हणतात तुझ्यामुळे पडले. तू कधी तसं मनात धरलंस का, हे मला आठ वर्षांत विचारता आलं नाही. धरलं असशील तर सोडून दे. तू नऊ वर्षांची होतीस आणि गाडीत तुला मी बसवलं.

पुढचं थोडक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात शाळेचे पत्रे आंब्याच्या बागेत येऊन पडले. बाबांनी आणि मी ते ओळखून, रचून ठेवले. तेव्हा मी कोणीच नव्हते, तरी पंचनाम्याला आलेला माणूस सवयीने माझ्याकडेच सहीसाठी आला. २०२२ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं २०२३ पासून कानावर येतं. आपल्या शाळेचा पट आता ११ आहे. तुझ्यामुळे ६० चे ११ झाले नाहीत, ते मुंबईने केलं आणि माझ्यासारख्या आयांनी केलं.

निवडणुका आता होणार म्हणतात. परवा दोघीजणी येऊन गेल्या, उभ्या राहा म्हणाल्या. चहा दिला. पुढच्या वेळी येताना शाळेत मूल असलेली एखादी घेऊन या, असं सांगितलं.

तुझ्या दाखल्याची झेरॉक्स ट्रंकेत सापडली. शाळा सोडण्याचे कारण : ‘पालकांच्या विनंतीवरून’. ती या पाकिटात घातलीय. प्रकल्पाला जोडायची की नाही ते तू बघ. आणि पहिलीच्या बाई अजून मंडणगडलाच आहेत असं कळतं. तुमच्या इंटर्नशिपच्या यादीत तिकडची शाळा असली, तर मला आधी कळव. मी येईन बरोबर.

पार्सलमध्ये आमसुलं आहेत आणि डिंकाचे लाडू. लाडू एकटीने खाऊ नकोस, खोलीतल्या मुलींना दे. बाबांनी आशीर्वाद सांगितलेत.

तुझी,
आई