पोफळी लावून गेलेला कर्ता पुरुष

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांविषयी आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून लिहून येते. त्या मजकुरात रोपे, अनुदान आणि पर्यटन यांचा उल्लेख असतो. पण या वाड्या पुन्हा लावल्या कोणी आणि कोणत्या हिशेबाने, याची विचारपूस फारशी होत नाही. आमचे सासरे, ज्यांना घरात आणि गावात सगळेच आबा म्हणत, गेल्या माघात वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारले. वादळानंतर आमची वाडी त्यांनी पुन्हा लावली, म्हणून हे पत्र.

श्रीवर्धन तालुक्यातले आमचे गाव समुद्रकाठी आहे. आबा चार भावांत थोरले. वडील लवकर गेले, धाकटे तिघे मुंबईला गिरणीत लागले आणि आबा वाडीवर राहिले. वाडी सामाईक, सातबारावर सगळ्या भावाबहिणींची नावे. दर हंगामात सुपारी वाळवून, सोलून विकली गेली की आबा खत, शिंपण, पाडप आणि सोलणावळ वजा घालत आणि उरलेल्या रकमेचे हिस्से करून ज्याचा त्याला पाठवत, आधी मनिऑर्डरने आणि पुढे बँकेतून. एका काकांनी विहिरीकडच्या पट्ट्यावरून कोर्टात दावा लावला आणि तो बरीच वर्षे चालला, तरी त्यांचा हिस्सा एकाही हंगामात चुकला नाही. ‘दावा कोर्टात चालू दे, हिस्सा घरी पोचू दे,’ एवढेच ते म्हणत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो मिटेना, तेव्हा दोघे काका बायकामुलांसह गावी परतले. त्या वर्षी चुलीवरचे आधण दुप्पट झाले. आबांनी कोणाला किती दिवस राहणार असे विचारले नाही, पण आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्या हातात फावडी दिली आणि माडांची आळी उकरायला लावली, हे सासूबाई मोठ्या चवीने सांगत.

गेलेल्या माणसाविषयी गोड तेवढेच लिहायचे असा आपल्याकडे प्रघात आहे, पण आबांचा स्वभाव गोड नव्हता. पडलेला नारळसुद्धा मोजून घरात येई. बहिणींना भाऊबीजेला लुगडे मिळे, वाडीचा हिस्सा मात्र मिळत नसे. तो हिशेब त्यांनी फार उशिरा मांडला, आणि तोही सासूबाई हट्टाला पेटल्यावर. सून म्हणून मी या घरात आले तेव्हा त्यांच्या शिस्तीचा मला धाक होता, प्रेम वगैरे नंतरचे. तरीही एवढे मोठे कुटुंब फुटले नाही, याचे श्रेय मी त्यांच्या मायेपेक्षा त्यांच्या चोख हिशेबाला देते.

3 जून 2020 रोजी भर दुपारी वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. टाळेबंदीचे दिवस, त्यामुळे मुंबईहून कोणाला येणे शक्य नव्हते. घरात आम्ही मोजकी माणसे होतो. कौले उडत होती आणि आबा ओटीवरच्या खांबाला पाठ लावून बसले होते. आत चला म्हटले तर हलेनात. पोफळ मोडते तेव्हा काडकन मधूनच मोडते आणि माड मुळासकट आडवा होतो, हे त्या दिवशी ऐकून कळत होते, कारण पावसाच्या झडीत दिसत काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते वाडीत गेले. पडलेल्या झाडांवरून वाकून, चढून, जिथे उभे झाड सापडेल तिथे त्याच्या बुंध्याला चुन्याचे बोट लावत ते फिरले. मी पडलेल्यांची नोंद ठेवू का असे विचारले, तर म्हणाले, ‘पडलेली मोजायला सरकार येईल, उभी आपण मोजू.’

चुन्याचे बोट लागलेल्या झाडांपैकी जी जुनी आणि भरघोस धरणारी होती, त्यांचीच पिकलेली फळे पुढच्या हिवाळ्यात बियाण्याला काढली गेली. आबा अंगणात घंगाळ भरून घेऊन बसत आणि फळे पाण्यात सोडत. जे देठ वर करून उभे तरंगेल ते ठेवायचे, आडवे होईल ते बाजूला काढायचे. कृषी खात्याची माणसेही हीच चाचणी सांगतात, पण आबांना ती त्यांच्या आईने दाखवली होती. वाळूच्या वाफ्यात रुजवलेली रोपे पुढे पिशव्यांत गेली आणि पुरेशी वाढल्यावर नऊ-नऊ फुटांवर खड्ड्यांत आली, मध्ये सावलीला केळी. डोक्यावरची माडांची सावली वादळाने नेली होती आणि पोफळीला दुपारनंतरचे नैऋत्येचे ऊन सोसत नाही, खोड करपून पुढे तिथेच चिरते. म्हणून वाचलेल्या प्रत्येक झाडाला त्या अंगाने झापे बांधून घेतली. गडी आळसाने दुसऱ्या बाजूला बांधू लागला की आबा ओटीवरून ओरडत.

पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. याच सुमारास एक पुतण्या मुंबईहून आला. समुद्राजवळची मोकळी झालेली जागा, तिचे भूखंड पाडावेत किंवा पर्यटकांसाठी खोल्या बांधाव्यात, असे त्याचे म्हणणे होते, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते अगदीच वावगे नव्हते. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘मोकळ्या जागेवर दलाल येतो, लावलेल्या जागेवर हिस्सेदार येतो. मला हिस्सेदार परवडतो.’ माझ्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्याचा कारभार या एका वाक्यात आहे. म्हातारा माणूस पुढच्या पिढीसाठी झाडे लावतो असे कौतुकाने म्हणतात, पण आबांचा विचार इतका भाबडा नव्हता. वाडी पिकते आहे तोवर वाटप होत राहील, आणि वाटप होत राहील तोवर माणसे एकमेकांना धरून राहतील, असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

या हिशेबाची कसोटी नुकसानभरपाईच्या वेळी लागली. फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर झाले. ऐकायला रक्कम मोठी, पण आमच्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात. गुंठ्याला जेमतेम पाचशे रुपये पडतात आणि त्या गुंठ्यात डझनभर पोफळी असतात. पुढे झाडामागे मदत देण्याचे ठरले, सुपारीला 50 आणि नारळाला 250 रुपये, तेव्हा निदान मोजण्याची रीत तरी कोकणाला धरून झाली. मात्र खरी अडचण रकमेची नव्हतीच. सातबारा सामाईक, म्हणून सर्व सहहिस्सेदारांची संमतीपत्रे हवीत, असे आम्हाला सांगण्यात आले. एक हिस्सेदार बडोद्याला, एक डोंबिवलीला, एकाच्या वारसांची नोंदच झालेली नाही, आणि त्या काळात प्रवासाची ही बिकट अवस्था. शेजारपाजारच्या कित्येक वाड्यांचे कागद याच कारणाने अडून राहिले. आमची संमतीपत्रे मात्र आली, आणि सर्वांत आधी सही पाठवली ती दावा लावणाऱ्या काकांनी. मला त्याचे आश्चर्य वाटले, आबांना वाटले नाही.

आता प्रत्येक घरात आबा असतीलच असे नाही, आणि सरकारी मदत एखाद्या म्हाताऱ्याच्या चोखपणावर अवलंबून राहावी हे योग्यही नाही. किनाऱ्यावरची बहुतेक जुनी वहिवाट सामाईक आहे. पिढीगणिक नावे वाढतात आणि कसणारा एखादाच उरतो. निसर्गपाठोपाठ मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ आले, पुढेही वादळे येणार. म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत महसूल आणि कृषी विभागांना माझी विनंती आहे की, सामाईक क्षेत्राच्या बाबतीत ग्रामपंचायतीसमोर झालेला पंचनामा आणि कसणाऱ्याचे हमीपत्र यांवर मदत द्यावी, आणि तिच्यामुळे इतर हिस्सेदारांच्या हक्काला बाध येणार नाही अशी अट त्यातच घालावी. तसेच वारसनोंदीसाठी पावसाळ्यापूर्वी गावोगाव शिबिरे भरवावीत, कारण मुंबईकर मंडळी आंब्याच्या दिवसांत गावी असतात आणि तेव्हाच सह्या एका जागी मिळतात.

आबांच्या वारसनोंदीचे काम आमच्याकडे सध्या सुरू आहे. नव्या पोफळींना फळ धरायला अजून अवकाश आहे, पण वाचलेल्या झाडांची सुपारी यंदाही विकली गेली. वाटपाचा हिशेब आता दावा लावणाऱ्या काकांची धाकटी मुलगी पाहते. यंदा तिने आत्यांची नावे यादीत भावांच्या वर लिहिली, त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली, पण रकमा सगळ्यांच्या खात्यांत वेळेवर जमा झाल्या.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, श्रीवर्धन तालुका