पांढुरक्या पडलेल्या काळ्या प्लॅस्टिकला तेल नको, टिकणारा थर हवा

महोदय,

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरल्यावर नागपुरातल्या कुठल्याही उघड्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारली, की एकच दृश्य दिसते. गाड्यांचा पत्रा ठीकठाक असतो. पण बंपरचा खालचा काळा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांवरची बीडिंग आणि वायपरखालची जाळी राख फासल्यासारखी झालेली असते. मालक दुकानात जाऊन ‘काळे करणारे काहीतरी द्या’ म्हणतो, दुकानदार डॅशबोर्ड पॉलिशची बाटली पुढे करतो, आणि जूनमधल्या पहिल्या दोन-तीन सरींत तो काळेपणा ओघळून जातो. मग पुन्हा तीच बाटली. पंधरा दिवसांतून एकदा १५ मिली लावायचे म्हटले तरी वर्षाला साडेतीनशे मिली पॉलिश गटारात जाते, आणि प्लॅस्टिक जिथल्या तिथेच राहते. लोकांचा पैसा आणि रविवारची मेहनत अशी वाया जाताना पाहवत नाही, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

हे प्लॅस्टिक बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीन असते. त्यात लवचिकपणासाठी रबर आणि ताठपणासाठी शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पूड मिसळलेली असते. सुटा भाग उलटा करून पाहिला तर मागे ‘पीपी + ईपीडीएम – टीडी२०’ असे काहीसे कोरलेले आढळते. त्यातले पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे ते रबर आणि टीडी२० म्हणजे २० टक्के शंखजिरे. काळा रंग काजळीचा, म्हणजे कार्बन ब्लॅकचा, आणि तो वरून मारलेला नसून पूर्ण जाडीभर असतो. उन्हातले अतिनील किरण वरच्या अगदी पातळ कातडीतल्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. ते रोखण्यासाठी कारखान्यात मिसळलेले संरक्षक द्रव्य हळूहळू संपते, बारीक भेगा पडतात, शंखजिरे उघडे पडते आणि प्रकाश सगळीकडे विखुरतो. डोळ्याला तो भाग पांढरा दिसतो. रंग उडालेला नसतो, पृष्ठभाग फाटलेला असतो. भेगांमध्ये काहीही ओले भरले की तो काळा दिसणारच, मग ते साधे पाणी का असेना. डॅशबोर्ड पॉलिशची ‘जादू’ एवढीच आहे.

म्हणूनच काहीही विकत घेण्याआधी पाण्याचीच परीक्षा करावी. गाडी धुऊन ओल्या फडक्याने प्लॅस्टिक भिजवा. भिजल्यावर एकसारखे काळे दिसले तर चांगले रिस्टोरर, म्हणजे काळेपणा परत आणणारे द्रव्य, त्यावर काम करील. भिजूनही पांढरे चट्टे राहिले तर दोन शक्यता असतात: कातडी फार खोलवर फाटली आहे, किंवा वर क्षार बसले आहेत. दुसरी शक्यता बोअरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांकडे फार आढळते. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून, सावलीत, थंड प्लॅस्टिकवर दोन-तीन मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवा. चट्टे गेले तर तो चुना होता, आणि कदाचित रिस्टोररची गरजच नसेल. कडेने गेलेली पांढरी रेघ बहुधा वॅक्स पॉलिशची असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघते.

आता निवडीचे. दुकानात एकाच फळीवर तीन वेगळ्या जातीचा माल ठेवलेला असतो आणि तिन्हींवर ‘ट्रिम रिस्टोरर’ असेच लिहिलेले असते. पहिली जात सिलिकॉन तेलाची: दुधाळ किंवा पारदर्शक, बुळबुळीत, २५० ते ५०० मिलीच्या स्प्रे बाटलीत. हे कधीच सुकत नाही. शाम्पूने जाते, आणि असते तोवर रस्त्यावरची सगळी धूळ धरून ठेवते. दुसरी जात काळे रंगद्रव्य असलेल्या द्रवाची. ते काही महिने टिकते आणि बारीक ओरखडेही झाकते, पण अनेक गाड्यांचे मूळ प्लॅस्टिक काळे नसून गडद राखाडी असते. त्यावर हे लावले की गाडी काजळ घातल्यासारखी दिसते. दार उघडून रबराच्या आत झाकलेला भाग पाहिला, की मूळ छटा कळते. तिसरी जात सुकून घट्ट होणाऱ्या थराची. यात सिलोक्सेन किंवा सिलाझेन वर्गातली रसायने असतात. ती हवेतली आर्द्रता घेऊन कडक होतात आणि भेगांत रुतून बसतात. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी पैसे याच जातीवर घालावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘सिरॅमिक’ या शब्दावर मात्र जाऊ नये. हल्ली शाम्पूच्या बाटलीवरही तो छापलेला असतो. खोक्यावरच्या सूचना वाचाव्यात. खरा थर देणारा माल ३० ते ५० मिलीच्या छोट्या बाटलीत येतो, सोबत स्पंजचा ठोकळा आणि कापडाचे तुकडे असतात. पृष्ठभाग पूर्ण तेलविरहित हवा, १२ ते २४ तास पाणी लागू देऊ नये, रंगाच्या पत्र्यावर पडल्यास लगेच पुसावे, अशा अटी त्यावर लिहिलेल्या असतात. ज्या बाटलीला कसलीच अट नाही, ‘फवारा, पुसा, निघा’ एवढेच आहे, ती तेलाची समजावी. तरी शंका असेल तर घरी करून पाहण्याजोगी एक परीक्षा आहे: जुन्या काचेच्या तुकड्यावर एक थेंब पातळ पसरवा आणि २४ तास ठेवा. तेल असेल तर दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. थर असेल तर नखाने खरवडावा लागतो.

खोक्यावरच्या वर्षांच्या आकड्याबद्दल एवढेच, की नागपूरच्या उन्हात तो जसाच्या तसा धरू नये. ऊन सरळ अंगावर घेणारे आडवे भाग, म्हणजे वायपरखालची जाळी आणि बंपरची वरची कड, आधी फिके पडतात. दाराखालची उभी पट्टी बरीच जास्त टिकते. त्यामुळे सगळी गाडी पुन्हा करण्याऐवजी दरवर्षी फक्त आडव्या भागांवर एक हात द्यावा. छोट्या हॅचबॅकला १० ते १५ मिली पुरते. चारही बाजूंनी क्लॅडिंग, म्हणजे काळ्या प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या, असलेल्या एसयूव्हीला ३० ते ४० मिली लागते.

खरी गोम तयारीत आहे. थर न टिकल्याच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा खाली राहिलेले जुने सिलिकॉन असते. ऑल पर्पज क्लीनर एकास दहा या प्रमाणात पातळ करून (फार तेलकट असेल तर एकास चार) मऊ नायलॉनच्या ब्रशने घासावे. कडेकपारीत जुना टूथब्रश चालतो. तारेची घासणी अजिबात नको, तिने प्लॅस्टिकचा दाणा, म्हणजे वरचा मुळातला खरबरीतपणाच, सपाट होतो. फेस मळका निघतो तोवर पुन्हा पुन्हा करावे. तीन वेळा लागले तरी नवल नाही. मग स्वच्छ पाणी मारून पाहावे: उन्हाने खाल्लेल्या प्लॅस्टिकवर पाणी पसरते, थेंब होऊन घसरले तर तेल अजून आत आहे. समाधान झाल्यावर सांध्यांतले पाणी हवेच्या दाबाने उडवून दोन तास वाळू द्यावे. बीडिंगच्या मागे अडकलेला एकच थेंब नंतर ओघळतो आणि ओल्या थरावर कायमची रेघ पाडतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात द्यावा आणि पत्र्याच्या कडेला मास्किंग टेप लावावी.

लावताना हातमोजे घालावेत, जागा मोकळ्या हवेची असावी, जवळ आग नको. ठोकळ्यावर पाच-सहा थेंब घेऊन एका वेळी फूटभरच भाग करावा. आधी आडवे, मग उभे हात. खोक्यावर सांगितलेली वेळ, बहुधा एक ते तीन मिनिटे, थांबून मायक्रोफायबरने हलके पुसून सारखे करावे. जास्त लावले म्हणजे जास्त टिकते असे नाही. जादा माल भेगांत न जाता वर साचतो, तिथे चकचकीत डाग पडतो, आणि एकदा कडक झाला की तो पुसून जात नाही. दुसरा हात द्यायचा तर तासाभराने. ठोकळा आणि कापड परत वापरू नये, सुकले की त्यांना धार येते आणि ओरखडे पडतात. उघडलेली बाटलीही जपून ठेवण्यात अर्थ नसतो. आत हवा गेली की उरलेला माल महिन्या-दोन महिन्यांत घट्ट होतो. दोन शेजाऱ्यांनी मिळून एक बाटली घ्यावी आणि एकाच दिवशी संपवावी, हा सगळ्यात शहाणा व्यवहार.

मुहूर्त चुकला तर हे सगळे वाया जाते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या प्लॅस्टिकवर हात टेकवत नाही. तिथे द्रावक क्षणात उडून जाते, पुसायच्या आतच पट्टे पडतात. शिवाय तेव्हा हवा इतकी कोरडी असते, की वरून सुकल्यासारखा वाटणारा थर आतून नीट कडक होत नाही. पावसाळ्यात २४ तासांची कोरडी खात्री कोण देणार? नागपूरला दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. त्यातही सकाळी दहाच्या पुढे, सावलीत, दव पूर्ण वाळल्यावर सुरुवात करावी. पहिली रात्र गाडी छपराखाली ठेवावी, कारण थंडीतल्या दवाचे थेंब ताज्या थरावर गोल ठसे सोडतात. शाम्पू आठवडाभर नको.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण त्यातला एक धोक्याचा आहे. विदर्भात जवसाचे तेल सहज मिळते, आणि ते सुकणारे तेल असल्यामुळे प्लॅस्टिकला लावा असा सल्ला फिरत असतो. ते सुकते हे खरे, पण आधी आठवडाभर चिकट राहून धूळ पिते आणि नंतर पिवळट पडते. त्याहून वाईट म्हणजे त्या तेलाची फडकी गोळा करून डिकीत किंवा कोपऱ्यात टाकली, तर हवेशी संयोग होताना ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. आपल्या उन्हाळ्यात हा खेळ करू नये. वापरलेच असेल तर फडके पाण्यात बुडवावे किंवा उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावे. रॉकेल आणि डिझेलने रबरमिश्रित प्लॅस्टिक फुगते. ब्रेक ऑइलचा थेंब पत्र्याचा रंग खातो. हीट गनने प्लॅस्टिक क्षणात काळे होते, ते वरची कातडी वितळून भेगा मिटतात म्हणून. पण गनची हवा ३०० अंशांच्या वर जाऊ शकते आणि पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळते. एक सेकंद जास्त थांबले की दाणा कायमचा जातो. शिवाय संरक्षक द्रव्य काही परत येत नाही, त्यामुळे पांढरेपणा पुन्हा येतोच. रंग मारायचा असेल तर आधी प्लॅस्टिकसाठीचा ॲडहीजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा हात, हवाच. पॉलिप्रॉपिलीनवर रंग स्वतःहून धरत नाही, पापुद्रे निघतात. सिलिकॉन राहिलेले असेल तर रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खळगे, पडतात, ते वेगळेच.

काचेभोवतीचे रबर, पियानो ब्लॅक (चकचकीत काळे) खांब आणि रंगवलेले रूफ रेल यांना यातले काहीही लावू नये. आणि वायपरखालच्या जाळीवर कुठलेही पॉलिश फवारू नये, कापडावर घेऊन लावावे. सिलिकॉनचा तुषार काचेवर बसला की पहिल्याच पावसात रात्री समोरचे दिवे पसरट दिसतात. चाकाजवळ फवारताना तो ब्रेकच्या डिस्कवर गेला, तर गोष्ट जिवाशी येते.

शेवटी दुकाने आणि वॉशिंग सेंटरांकडे मागणे. वेष्टित मालाच्या २०११च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, कमाल किंमत, निर्मितीचा महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. तरी मोठ्या कॅनमधून बिनलेबलच्या बाटलीत ओतलेला ‘ट्रिम कोट’ सर्रास विकला जातो. हवेतल्या आर्द्रतेने घट्ट होणाऱ्या मालाच्या बाबतीत निर्मितीची तारीख ही नुसती औपचारिकता नाही. त्यावरूनच बाटलीतले द्रव्य अजून काम करील की नाही हे ठरते. ग्राहकांनी अशी बाटली परत करावी. आणि वॉशिंग सेंटरवाल्यांनी बिलावर फक्त ‘प्लॅस्टिक पॉलिश’ न लिहिता मालाचे नाव लिहावे, तेलाचा की थराचा हेही लिहावे. पुढच्या वेळी त्या गाडीवर थर द्यायचा झाला, तर आधी क्लीनरचे तीन हात द्यायचे की एकच पुरे, हे त्या एका ओळीवरून कळते.

आपले,
वाहन डिटेलिंगचे काम करणारे काही कारागीर,
नागपूर