न्हावा शेवाच्या कस्टमवाल्यांना एकटं पाडू नका : अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

मा. निर्मला सीतारामन मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी न्हावा शेवाला क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवून द्यायच्या कामात आहे. विषय अण्वस्त्रांचा आहे तरी पत्र तुम्हालाच लिहितोय, कारण कस्टम तुमच्याकडे आहे आणि बॉम्बचं सामान चोरून निघालं की ते अडवायचं ठिकाण म्हणजे कुठलं तरी बंदरच.

जानेवारी २०२४ मध्ये चीनहून कराचीला चाललेलं जहाज आपल्या कस्टमने इथेच थांबवलं आणि इटालियन बनावटीची सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी, धातूचे पार्ट अचूक कापणारी मशीन, काढून घेतली. डीआरडीओच्या लोकांनी येऊन तपासली, पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमात ती वापरता येईल असं सांगितलं, पाकिस्तान म्हणालं गाड्यांच्या पार्टची साधी मशीन आहे. आता मॅडम खरी गोची हीच आहे, अशी मशीन दोन्ही कामं करते आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या मालपावतीवर, दिसतं काय तर वजन, मालाचं मोघम वर्णन, पाठवणारा आणि घेणारा, त्यातही या केसमध्ये कागदावरचा घेणारा वेगळा आणि खरा वेगळा असं तपासात सांगितलं गेलं. आधी टीप नसेल तर हजारो कंटेनरमधून हा एक कसा सापडणार?

२००३ ला 'बीबीसी चायना' जहाज असंच सापडलं होतं. मलेशियात बनलेले सेंट्रिफ्यूजचे (युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्राचे) पार्ट दुबईमार्गे लिबियाला चालले होते, अमेरिका-ब्रिटनने माहिती काढली, जर्मनीने जहाजाच्या मालकाला गाठलं, इटलीच्या टारांटो बंदरात कंटेनर उतरवले. डिसेंबरात लिबियाने अणुकार्यक्रम सोडला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये पाकिस्तानचा अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान टीव्हीवर येऊन अणुतंत्रज्ञान बाहेर पुरवल्याची कबुली देत होता. एका देशाच्याने हे झालंच नसतं.

एनएसजीत, म्हणजे अणुसामानाच्या निर्यातीवर नियम ठेवणाऱ्या देशांच्या गटात, चीन आपल्याला घेऊ देत नाही, २०१६ पासून अर्ज तसाच पडलाय, पण त्यासाठी थांबायची काय गरज? शस्त्रं आणि दोन्ही कामांच्या अशा मशीनच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या वासेनार गटात आपण २०१७ पासून आहोत, इटलीही आहे. ती मशीन मुळात कोणाला विकली होती हे इटलीला विचारलं का, उत्तर काय आलं, हे लोकांना कळू द्या. दुबई आणि कोलंबोच्या कस्टमशी थेट माहितीची देवाणघेवाण सुरू करा. आणि बंदरातच मशीन ओळखणारा इंजिनिअर कायमचा बसवा, कारण ट्रान्झिटचं जहाज काही तासांत निघतं आणि दिल्लीहून माणूस येईपर्यंत ते कराचीच्या वाटेला लागलेलं असतं.

आपला,
न्हावा शेवाचा एक क्लिअरिंगवाला